ऑरिनच्या खिडकीतली कोंबडी

माझा थोरला भाऊ वेंडेल स्ट्रॉसर मला कधीच आवडला नाही. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर सांगून झालंय. आणि असं म्हणणारी ऑलिव्ह रनमध्ये मी एकटी नाही. गावात कुठल्याही घरी विचारा. ज्या घरी तो एकदा जेवून गेला, त्या घरी पुढच्या वेळी त्याला कागदी ताटलीतच वाढतात.

आमचं गाव चिनी मातीच्या भांड्यांचं. बर्डसॉलचा कारखाना होता तोवर निम्मं गाव त्यावर जगलं. बंद पडला तेव्हा त्याच गावाने मालकाला शिव्या घातल्या. मग काही वर्षांनी लांबलांबून गाड्या यायला लागल्या. त्यातून उतरणारी माणसं आमच्या आज्यांच्या लोणच्याच्या बरण्या छातीशी धरून डोळे मिटायची. तेव्हापासून आमच्याकडे दुसऱ्याच्या घरी भांडं उलटं करून बुडाचा शिक्का बघणं कुणी वाईट मानत नाही. सगळेच बघतात. फक्त बाकीचे भांडं रिकामं व्हायची वाट बघतात.

वेंडेलला तेवढा दम नाही. चर्चच्या जेवणात पास्टरच्या बायकोने मोठ्या हौसेने तिच्या आईकडचं भांडं काढलं होतं, काठोकाठ ग्रेव्हीने भरलेलं. याने ते दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि खालून मान वर करून शिक्का वाचायला लागला. ग्रेव्ही तिच्या बाहीवरून कोपरापर्यंत ओघळली. ती बिचारी "असू दे, असू दे" म्हणतेय आणि हा काय म्हणाला असेल? "बर्डसॉलचं नाही हे. उगाच जपत होतीस."

त्याला कळतं, हे मी नाकारत नाही. आयुष्यभर काउंटीचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा, खडीचा ट्रक चालवला, पण जिथे घर मोडतंय, सामान विकतंय, तिथे ट्रक थांबलाच म्हणून समजा. बुडाला जिथे झिलई नसते तिथली माती बघून तो कारखाना सांगतो. बर्डसॉलची माती बिस्किटासारखी पिवळट, नदीपलीकडच्या कारखान्यांची पांढरीफटक. साच्याचा सांधा कुठून गेलाय ते अंगठ्याने चाचपतो. टिचकी मारून कान लावतो. आणि शेवटी भांडं तोंडाशी नेऊन पुढच्या दातांवर हलकेच आपटतो. अस्सल झिलई दाताला टणक लागते. कुणी फुटलेलं जोडून, लुकण भरून वरून रंग दिला असेल तर तिथे बोथट लागतं. डोळा फसतो, दात फसत नाही, असं तो म्हणतो. आमच्या गावात पन्नाशीच्या पुढचा निम्मा पुरुषवर्ग असा भांड्यांचे मुके घेत फिरतो, त्याचं मला काही नाही. राग वेगळ्याचा आहे. दाताने जे सांगितलं ते वेंडेलच्या तोंडात राहत नाही. लगेच बाहेर पडतं, आणि ज्याचं भांडं त्याच्या अंगावर पडतं.

जुलैच्या जत्रेत अग्निशमन केंद्राच्या आवारात जुन्या भांड्यांची ओळख पटवायचं टेबल असतं. तिथे हा बसतो. डेल्फा कून्स टॉवेलात गुंडाळून एक फुलदाणी घेऊन आली होती, मी शेजारीच ॲपल पाय विकत होते.

"नक्कल," वेंडेल म्हणाला. "अस्सल फुलदाणीवरून साचा काढलाय. माती भाजली की आकसते, म्हणून ही अस्सलाहून बोटभर बुटकी आहे."

"अरे पण वेंडेल, ही माझ्या आजीच्या लग्नातली आहे."

"मग आजीला फसवलं कुणीतरी. पुढे कोण?"

डेल्फा टॉवेल तिथेच विसरून गेली. मी त्याला म्हटलं, "जरा गोड बोलला असतास तर जीभ झिजली असती का तुझी?" तर म्हणे, "गोड बोलल्याने ती उंच झाली असती का?" अशा माणसाशी काय वाद घालणार!

आता बरणीचं सांगते.

आमचे वडील बर्डसॉलमध्ये भट्टीवर होते. त्यांनी आईला एकदा बिस्किटांची बरणी आणून दिली. खाली गवताचं घरटं, त्यावर बसलेली गुबगुबीत कोंबडी. घरटं म्हणजे बरणी आणि कोंबडी म्हणजे झाकण. हा नमुना कारखान्याने थोडेच दिवस काढला, कारण भट्टीत कोंबडीची मान वाकायची आणि दर खेपेला निम्मा माल फेकावा लागायचा. त्यामुळे ताठ मानेची कोंबडी आज शोधून सापडत नाही. आमच्या आईची ताठ होती. आम्ही तिघं भावंडं, वेंडेल, मधला ऑरिन आणि धाकटी मी, त्या कोंबडीला मानेला धरून उचलायचो आणि आतली काकवीची बिस्किटं खायचो. आई ओरडायची, "मानेला नको धरू, पाठीला धर!" कुणी ऐकलं नाही.

आई गेली तेव्हा मृत्युपत्र वगैरे काही नव्हतं. आमच्या भागात अशा वेळी मुलं स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसतात, टोपीत चिठ्ठ्या टाकतात आणि आलेल्या क्रमाने एकेक वस्तू मागतात. जे मागितलं ते मिळालं, त्यावर वाद नाही. आई नुकतीच मातीआड झालेली, दारात अजून शेजाऱ्यांनी आणलेली भांडी होती. आणि वेंडेलने काय करावं? कपाटं उघडून आईचं एकेक भांडं काढून उलटं करायला लागला. "तडा. तडा. हे जपानी. हे टाकाऊ. याचा काठ उडालाय, हिला सांगितलं होतं बेसिनमध्ये आपटू नको म्हणून." ऑरिन खिडकीशी उभा होता. तो बोलणारा नव्हताच.

वर वेंडेलने नियम काढला, प्रत्येक वस्तू वेगळी मोजायची. कप वेगळा, बशी वेगळी. त्याला आईच्या सेटमधल्या फक्त बशा हव्या होत्या, म्हणून हा नियम. आम्ही म्हटलं, बरं.

चिठ्ठी त्याची पहिली निघाली. तो म्हणाला, "बरणी." मला काही नवल वाटलं नाही. बरणी फ्रिजच्या माथ्यावर होती.

मग ऑरिनची पाळी. तो फ्रिजपाशी गेला, हात वर केला आणि म्हणाला, "कोंबडी." आणि ती उचलून सरळ आपल्या कोटाच्या आत घातली.

वेंडेल आ वासून बघत राहिला. "अरे, ते झाकण आहे!"

"वेगळी वस्तू आहे."

"बरणी म्हटलं की झाकण आलंच की! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"कप वेगळा, बशी वेगळी," ऑरिन म्हणाला आणि कोटाची बटणं लावली.

खरं सांगू? मला हसू आवरेना. जन्मात पहिल्यांदा वेंडेलची बोलती बंद झालेली मी पाहिली. मला वाटलं, ऑरिनने बरोबर नाक दाबलं. एवढा शांत माणूस इतकं झोंबणारं काही करू शकतो, याचा मला अभिमानसुद्धा वाटला.

तिथून दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. ऑरिनने कोंबडी घराच्या पुढच्या खिडकीत, काचेच्या आत ठेवली, रस्त्याकडे तोंड करून. त्याच रस्त्यावरून वेंडेलचा खडीचा ट्रक जायचा. इकडे वेंडेलच्या घरी फळ्यांवर बर्डसॉलची भांडी ओळीने लागलेली आणि मध्यभागी एक रिकामं घरटं. संग्राहक यायचे, विचारायचे, "कोंबडी कुठेय?" आणि गावातला कुणी सोबत असला तर तो हमखास म्हणायचा, "उडाली." वेंडेलचे कान लाल व्हायचे.

त्याने काय काय केलं नाही! दुसरी कोंबडी शोधली, दोन राज्यं पालथी घातली. ज्या मिळाल्या त्यांच्या माना वाकड्या, आणि त्या आमच्या घरट्यावर नीट बसायच्या नाहीत, कारण प्रत्येक झाकण आपापल्या बरणीबरोबर भाजलेलं असतं. ऑरिनच्या बायकोला, फिलिसला, दुकानात गाठून म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला सांग, मी माझ्या संग्रहातली कुठलीही भांडी देतो बदल्यात." ती म्हणाली, "तूच सांग, भाऊ तुझा आहे." तो म्हणाला, "त्या चोराशी मी बोलत नाही." फिलिसने आपली ढकलगाडी त्याच्या पायावरून नेली. मुद्दाम नेली, ती स्वतःच सांगते.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला एक जण माझ्याकडे दुपारी जेवायचा, दुसरा संध्याकाळी. मी दोनदा टर्की गरम करायचे आणि दोघांना मनातल्या मनात शिव्या घालायचे. "त्याला विचार, कधी देणार," हा म्हणायचा. "त्याला विचार, आईची आठवण म्हणून हवीय की फळीसाठी," तो म्हणायचा. मी दोघांनाही विचारायचे नाही. कंटाळा आला होता मला.

आणि मग ऑरिनची फुप्फुसं गेली. तरुणपणी तो बर्डसॉलमध्ये झिलईच्या खोलीत होता, ती पांढरी धूळ त्याने वर्षानुवर्षं आत ओढली होती. आधी जिना चढेना, मग अंगणापर्यंत येईना, मग बिछाना पुढच्याच खोलीत, खिडकीशी आणला. डॉक्टरांनी फिलिसला स्पष्ट सांगितलं. तिने मला फोन केला.

"लोइस, तो म्हणतोय वेंडेलला घेऊन ये. कोंबडी द्यायची म्हणतोय."

"खरंच?"

"हो. पण लवकर ये. आणि त्या माणसाला नीट समजावून आण, नाहीतर मी त्याला दारातूनच हाकलेन."

मी वेंडेलकडे गेले. बातमी ऐकून तो खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला. मग त्याने काय करावं? आत जाऊन दाढी केली, रविवारचा शर्ट घातला आणि फळीवरून घरटं काढून लहान मुलाच्या दुलईत गुंडाळलं. माझ्या पिकअप ट्रकमध्ये ते मांडीवर घेऊन बसला, वरून सीटबेल्ट लावला. भाऊ मरतोय याचं काही त्याच्या तोंडावर दिसेना. मला दिसत होतं ते एवढंच, की आज बरणी पुरी होणार.

"काठ उडालेला नसला म्हणजे मिळवली," तो म्हणाला. "खिडकीत ऊन लागतं. झिलईला बारीक जाळी पडली असणार."

मी ट्रक कडेला घेतला. "ऐक, वेंडेल. तिथे जाऊन फक्त थँक यू म्हणायचं. कोंबडी घ्यायची, बरणीवर ठेवायची आणि भावाचा हात हातात घ्यायचा. एक शब्द जास्त बोललास तर मी तुला तिथेच सोडून येईन. चालत ये."

"मी काय लहान आहे का?"

"कबूल कर."

"कबूल, बाई, कबूल. चल आता."

ऑरिन उशांना टेकून बसला होता. नाकात नळी, ओठ निळसर. मला बघून डोळ्यांनी हसला. फिलिस कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी राहिली. वेंडेलने दुलई सोडून घरटं पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलं आणि दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिले.

"म्हातारा दिसतोस," ऑरिन म्हणाला.

"तू काय कोवळा आहेस?" वेंडेल म्हणाला. मला बरं वाटलं. वाटलं, चला, सुरुवात तर झाली.

ऑरिनने हात लांब करून खिडकीतली कोंबडी उचलली. पाठीला धरून. फिलिस मदतीला पुढे सरकली, त्याने तिला मानेनेच थांबवलं. कोंबडी वेंडेलच्या हातात दिली.

"थँक यू," वेंडेल म्हणाला. अगदी ठरल्याप्रमाणे. आवाज बसला होता त्याचा.

आता फक्त ती टेबलावरच्या घरट्यावर ठेवायची होती. हातभर अंतर होतं. पण त्याच्या हातांनी ती उलटी केली. मी बघत होते, त्याचा चेहरा अजून ऑरिनकडे होता आणि हात आपलं काम करत होते. अंगठा काठावरून फिरला. नख पोटावरून वर आलं, मानेपाशी थांबलं, मागे गेलं, पुन्हा आलं. मी म्हटलं, "वेंडेल." त्याने ऐकलं नाही. त्याने कोंबडी तोंडाशी नेली आणि दातांवर आपटली. एकदा पोटाजवळ, एकदा मानेवर.

"मान जोडलेली आहे," तो म्हणाला. "फुटली होती. वरून रंग दिलाय. आणि कामही बरं नाही केलेलं."

फिलिस म्हणाली, "निघ. निघ माझ्या घरातून!" मी त्याचा दंड धरला. तो आमच्याकडे असा बघत होता की जणू आम्हीच काही वेडंवाकडं बोललोय.

ऑरिनने हात वर केला. "थांब, फिलिस." मग वेंडेलला म्हणाला, "हो. फुटली होती."

"तू फोडलीस? म्हणून लपवून ठेवलीस इतकी वर्षं?"

"आईने फोडली."

ऑरिन एकेक वाक्य बोलून श्वास घेत होता. आम्हाला थांबावं लागत होतं.

"धुताना हातातून सटकली तिच्या. सांधेदुखीने बोटं वळत नव्हती. मला फोन केला. रडत होती. म्हणाली, वेंडेलच्या हाती लागायच्या आत कुठेतरी नेऊन जोडून आण. इस्टरला तू येणार होतास. मी मॅरिएटा गावच्या एका माणसाकडून घाईघाईत करून आणली. मग तिने ती फ्रिजवर चढवली, तुझा हात सहज पोचू नये म्हणून. त्यानंतर तू येणार म्हटलं की ती आधी फ्रिजकडे बघायची."

"पण का?" वेंडेल म्हणाला. "तिचीच तर बरणी होती."

"तिला तुझी भीती वाटायची, वेंडेल."

मला हे माहीत नव्हतं. शपथेवर सांगते, मला माहीत नव्हतं. मीही इतकी वर्षं समजत होते की ऑरिनने डाव साधला.

"तरी तुला घेऊ देणार होतो," ऑरिन म्हणाला. "ती गेल्यावर, वाटणीच्या दिवशी. पण तू तिची कपाटं उघडलीस. तडा, तडा, टाकाऊ. मी म्हटलं, हिच्याबद्दल तो शब्द नको. निदान हिच्याबद्दल नको."

"मी आईला काय बोललो असतो?" वेंडेलचा आवाज चढला. "आईला? मी काही बोललो नसतो!"

ऑरिनने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"बोलला असतास," तो म्हणाला. "आत्ता बोललास तसंच."

वेंडेलने कोंबडी सुलटी केली, पाठीला धरून घरट्यावर ठेवली. ती चपखल बसली, फट राहिली नाही. त्याने ती बरणी उचलून ऑरिनच्या खिडकीत ठेवली, रस्त्याकडे तोंड करून. ऑरिनने डोळे मिटले होते. वेंडेल त्याचा हात हातात घेईल असं मला वाटलं. त्याने नुसती पांघरुणाची घडी सारखी केली आणि बाहेर गेला.

दुसऱ्या आठवड्यात ऑरिन गेला. दोघांची पुन्हा गाठ पडली नाही.

मी सांगते ते कोंबडी दिली त्या दिवसाचं, परतीच्या वाटेवरचं. वेंडेल माझ्या शेजारी बसला होता, मांडीवर रिकामी दुलई. तो इकडेतिकडे बघत नव्हता. मला वाटत होतं, बरं झालं. आयुष्यभर हा लोकांच्या तोंडावर सांगत आला, आज कुणीतरी त्याच्या तोंडावर सांगितलं. डेल्फाचं, पास्टरच्या बायकोचं, माझं, सगळ्यांचं उट्टं निघालं. मी हे अगदी मनापासून चाखत होते.

कारखान्याच्या पडक्या भिंतीपाशी त्याने विचारलं, "लोइस, तुलाही वाटते?"

"काय?"

"माझी भीती."

मी नाही म्हणू शकले असते. कुठलीही बहीण म्हणाली असती. पण या माणसानेच आम्हाला शिकवलं होतं की जे आहे ते सांगायचं, गोड बोलून काही उंच होत नाही.

"हो," मी म्हटलं. "तू आलास की मी चांगल्या ताटल्या पलंगाखाली ठेवते."

तो दुलईच्या दोन कडा जुळवून तिची घडी घालत राहिला, आणि ती काही केल्या नीट बसेना.